कॅम्पात कचरा जाळतात त्या धुराचं काय करायचं? (दक्षिण सुदान, इराककडं जाणाऱ्यांसाठी)

औसेकर

पुतण्या फौजेत आहे, दीड महिन्यानं यूएन मिशनवर दक्षिण सुदानला निघतोय. गल्लीतलंच दुसरं पोरगं ठेकेदारामार्फत इराकमधल्या अमेरिकी कंत्राटावरच्या कॅम्पात मेसच्या कामाला चाललंय. दोघांनाही आधी जाऊन आलेले सांगतात की कॅम्पाच्या कडेला खड्डा असतो, सगळा कचरा त्यात लोटून पेटवतात आणि वारं फिरलं की धूर थेट झोपायच्या जागेवर.

पुतण्या म्हणतो, "काका, पाचट पेटवल्यावर आपण बांधावर उभेच असतो की, त्यात काय!" मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येईना. तर जाणकारांनी सांगावं: या धुरात वेगळं काय असतं? मास्क कोणता न्यावा? जाण्याआधी कोणत्या तपासण्या? आणि पुढं छातीचा त्रास निघालाच तर भरपाईसाठी आत्तापासून कोणते कागद जमवावेत? अमेरिकेत यावर कायदा झालाय म्हणतात, तो आपल्या पोरांना लागू आहे का?

भट्टी_चिमणी

पाचटाचा धूरही काही उदबत्तीचा नव्हे, पण फरक मोठा आहे. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. एका संध्याकाळी पेटतं, विझतं, माणूस घरी येतो. कॅम्पाचा खड्डा रोज चालतो आणि माणूस त्याच्या शेजारी वर्षभर जेवतो, झोपतो. शिवाय फुप्फुसाला धुराची 'सवय' होत नसते. सवय होते ती नाकाला, आणि तेच घातक, कारण वास येईनासा झाला की माणूस बाजूला सरकत नाही.

आता खड्ड्यात काय असतं ते बघा. मेसचं ओलं खरकटं, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, पॅकिंगचं लाकूड, टायर, रंगाचे डबे, बॅटऱ्या, वायरचे तुकडे, कधी एमआय रूमच्या (कॅम्पातल्या फौजी दवाखान्याच्या) सुया आणि पट्ट्यासुद्धा. अमेरिकी तळांवर माणशी रोज ८ ते १० पौंड, म्हणजे चार किलोच्या आसपास कचरा धरतात. आपल्या शहरांत माणशी सरासरी अर्ध्या किलोच्या आसपास निघतो. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा सुमारे १० एकरांचा होता, २००७ च्या सुमारास तिथं दिवसाला शंभर-दोनशे टन कचरा जळत होता, आणि पेटवायला जेपी-८ हे विमानाचं इंधन ओतत. त्या इंधनात बेंझीन हे विषारी रसायन असतं, ते वेगळंच.

खरी गोम तापमानात आहे. आपल्याकडं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत भट्टीसाठी पहिल्या कप्प्यात किमान ८०० अंश, दुसऱ्यात १०५० अंश (५० कमी-जास्त), तिथं वायू किमान २ सेकंद टिकला पाहिजे, आणि चिमणी ३० मीटर, असं लिहिलंय. हे आकडे हौसेखातर नाहीत. एवढी उष्णता आणि एवढा वेळ मिळाला तरच प्लास्टिकचे रेणू पुरते मोडतात. उघड्या खड्ड्यात वर ज्वाळा दिसते, आत मात्र ओलं खरकटं अंगावर घेऊन प्लास्टिक दोन-चारशे अंशांवर धुमसत राहतं. डायऑक्सिन हे जहाल विष तयार व्हायला हेच तापमान सोयीचं. चिमणी नाही, त्यामुळं धूर जमिनीलगतच पसरतो.

सगळ्यात वाईट वस्तू सांगायची तर वायर. भंगारवाले तांब्यासाठी वायरचं भेंडोळं पेटवतात तिथनं जाताना घसा एकदम खवखवतो, डोळ्यांतून पाणी येतं. ते पीव्हीसीतून, म्हणजे वायरवरच्या प्लास्टिकातून, निघणारं हायड्रोजन क्लोराइड. क्लोरीन पीव्हीसीत असतोच, आणि तांबं स्वतः डायऑक्सिन जुळवायला उत्प्रेरक म्हणून मदत करतं. दोन्ही एकाच भेंडोळ्यात. म्हणून जाळणं थांबवता येत नसेल तरी पाच गोष्टी खड्ड्याबाहेर ठेवल्या तर विषाचा मोठा भाग जातो: वायर आणि पीव्हीसी पाइप, टायर, बॅटऱ्या (लिथियमवाल्यांतून हायड्रोजन फ्लोराइड निघतं), दवाखान्याचा कचरा, आणि हिरवट औषध मारलेलं लाकूड. ते लाकूड तांबं-क्रोम-आर्सेनिकचं असतं. जाळलं की आर्सेनिक राखेत उरतं, आणि राख उचलतो तो बहुधा सगळ्यात कनिष्ठ माणूस.

जाळायचंच असेल तर ओलं खरकटं आधी वेगळं काढून पुरायचं, सुकं तेवढंच जाळायचं, आणि वेळ ऊन तापल्यावर, साधारण दहा ते चार. पहाटे-संध्याकाळी वरची गरम हवा जमिनीलगतच्या थंड हवेवर झाकणासारखी बसते, धूर वर जातच नाही. बहुतेक कॅम्पांत नेमकं संध्याकाळी, मेस आवरल्यावर पेटवतात. जागेबाबत अमेरिकी फौजेच्या सूचनांत राहुट्यांपासून किमान ४५० फूट आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, असं होतं. ४५० फूट म्हणजे जेमतेम १३७ मीटर, मला ते अपुरंच वाटतं. वाऱ्याची दिशाही एका दिवसावर ठरवू नये. इराकमध्ये उन्हाळ्यात वायव्येचा 'शमाल' असतो, तेव्हा खड्डा आग्नेयेला हवा.

काळी_रान

वरच्या उत्तरात पाण्याची बाजू राहिली. दक्षिण सुदानात मलाकाल, बोरच्या पट्ट्यात जमीन आपल्यासारखीच काळी आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून घट्ट. अशा मातीत शोषखड्डा पावसाळ्यात काम करत नाही, पाणी मुरतच नाही. परभणी-हिंगोलीकडं ज्यानं काळ्या रानात शोषखड्डा खणलाय त्याला हे सांगायला नको. कचऱ्याचा खड्डाही तसाच तुंबतो. राख, रॉकेल, खरकटं सगळं वर तरंगतं आणि उताराच्या बाजूला वाहतं. जमिनीच्या वर मातीचा भराव घालून कडेला बांध, वर ताडपत्रीचं छप्पर आणि भोवती चर, एवढं केलं नाही तर चार महिने खड्डा म्हणजे डबकं.

मैला आणि सांडपाण्याकडं दुर्लक्ष झालं की काय होतं ते हैतीत दिसलं. ऑक्टोबर २०१० मध्ये मिरबाले गावाजवळच्या शांतिसेनेच्या छावणीतलं सांडपाणी मेये ओढ्यात गेलं, तिथून आर्तिबोनित नदीत, आणि कॉलरा देशभर पसरला. आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. डिसेंबर २०१६ मध्ये यूएनच्या सरचिटणीसांनी माफी मागितली. तेव्हा पुतण्याला सांगा, धुराइतकंच लक्ष पाण्याच्या टाकीवर. टाकी आणि बोअर खड्ड्याच्या व संडासाच्या वरच्या उतारालाच हवेत, आणि नळाच्या टोकाला क्लोरीन अर्धा मिलिग्रॅम प्रतिलिटर दाखवायला हवं. क्लोरीन तपासायची ओटीची (ऑर्थोटोलिडीनची) बाटली खिशात मावते.

फुप्फुस_ओपीडी

तपासण्यांबद्दल. जाण्याआधी एकच गोष्ट करायची असेल तर ती स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी. एक्सरे नव्हे. धुरानं बारीक श्वासनलिका बिघडल्या तरी एक्सरे कित्येकदा स्वच्छ असतो. २०११ साली अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या ८० सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. धावताना दम लागतो एवढीच तक्रार होती. ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, ३८ जणांत कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस निघाला, म्हणजे बारीक नळ्या व्रण पडून आवळलेल्या. बहुतेकांची स्पायरोमेट्री आणि सीटी तोवर सर्वसाधारणच दिसत होती. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांनी २००३ मध्ये मोसुलजवळच्या गंधकाच्या खाणीची आग पाहिली होती, त्यामुळं सगळं खापर कचऱ्याच्या खड्ड्यावर फोडता येत नाही.

मग नॉर्मल दिसणाऱ्या तपासणीचा उपयोग काय? तुलनेचा. समजा जाण्याआधी एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर पडणारा श्वास) साडेचार लिटर होता आणि परतल्यावर ३.७ आला. दोन्ही आकडे तक्त्यात 'नॉर्मल' बसू शकतात, पण त्या माणसाचा अठरा टक्के श्वास गेलेला असतो. निरोगी माणसाचा वयामुळं वर्षाला साधारण २५-३० मिली कमी होतो. वर्षात १५ टक्क्यांहून जास्त उतरला तर छातीच्या डॉक्टरकडं गेलंच पाहिजे. पहिला कागदच नसेल तर ही वजाबाकी कशातून करणार?

तपासणी करताना आधी तासभर विडी-सिगरेट नको, दोन तास भरपेट जेवण नको. फुंकर किमान सहा सेकंद, तीन चांगल्या फुंकरी, आणि सगळ्यात चांगल्या दोहोंत १५० मिलीहून जास्त फरक नको. घाईच्या लॅबमध्ये एका फुंकरीवर 'नॉर्मल' लिहून देतात, तो कागद पुढं कवडीमोलाचा. आलेखासकट छापील प्रत मागा, ती पुसट होणाऱ्या थर्मल कागदावर असेल तर झेरॉक्स काढा. जमलं तर डीएलसीओही (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी तपासणी) करा, त्या दिवशीचं हिमोग्लोबिन सोबत लिहून. हिमोग्लोबिन कमी असलं की डीएलसीओ खोटाच कमी येतो. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छाती विभागात, संभाजीनगरला घाटीत आधी फोन करून कोणती तपासणी चालू आहे ते विचारा. जवानाला लष्करी दवाखान्यात मिळालं तर सगळ्यात चांगलं, नोंद तिथंच राहते. सोबत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. बेंझीनचा परिणाम मज्जेवर होतो, म्हणून पेशींचे आकडे आधीचे असावेत.

पैसे कशावर घालवू नयेत तेही सांगतो: रक्तातलं डायऑक्सिन, आणि 'डिटॉक्स'ची कुठलीही पुडी. धुरानंतर चार दिवसांनी कार्बन मोनॉक्साइडची रक्ततपासणीही वायाच, ते चार-पाच तासांत निम्मं उतरतं.

औसेकर

फारच उपयोगी, डॉक्टरसाहेब. मेडिकलवाल्यानं एन-९५ चा खोका दिलाय, तेवढा पुरेल का? आणि आमच्याकडं आई म्हणते रोज गूळ खा, धूळ निघून जाते. गिरणीवालेही खातात.

सेफ्टी_शूज

गूळ चहात घाला. खाल्लेला गूळ पोटात जातो, फुप्फुसाच्या तळाशी गेलेला कण काही तो ओढून काढत नाही. आईला दुखवू नका, पण मास्कच्या जागी गूळ नको.

एन-९५ कणांसाठी आहे: ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडवतो. आयएस ९४७३ चा एफएफपी-२ असेल तर ९४ टक्के, तोही चालतो. पण प्लास्टिकच्या धुरातले वायू, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, यातून सरळ आत येतात. म्हणून राहायच्या जागी धूर आला तर एन-९५ ठीक, पण ज्याची ड्यूटी खड्ड्यावरच्या पहाऱ्यावर किंवा ट्रॅक्टर रिकामा करण्यावर आहे त्याला हाफ-मास्क आणि कार्ट्रिज हवं. अमेरिकी खुणांत सेंद्रिय वाफ आणि आम्ल वायू दोन्हींचं कार्ट्रिज पिवळं, सोबत कणांसाठी जांभळट-गुलाबी पी-१०० पट्टा. युरोपीय खुणांत तेच तपकिरी ए, करडा बी, पिवळा ई आणि पांढरा पी-३. रंगांची गल्लत करू नका: युरोपात नुसता पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइड आणि आम्ल वायूंचा, सेंद्रिय वाफेचा नव्हे.

कार्ट्रिजचं पाकीट फोडलं की घड्याळ सुरू. वापर नसताना झिपच्या पिशवीत घट्ट बंद ठेवायचं, नाहीतर तंबूत टांगलेल्या जागीच ते हवेतली वाफ पिऊन संपतं. आतून वास यायला लागला की टाका. पावसाळी दमटपणात आणखी लवकर संपतं. दाढीचा एक दिवसाचा खुंटही मास्कची कड उचलतो. घातल्यावर दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला आत चिकटून राहिला तर बसलाय, कडेनं हवा आली तर नाही.

कंटेनरमध्ये लोक म्हणतात 'एसी लावलाय, धूर येत नाही'. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच फिरवतो, तेव्हा धूर येतो तो दाराच्या फटीतून आणि केबलच्या भोकातून. ते भोक एम-सीलनं बुजवा, दाराला स्पंजपट्टी लावा. विंडो एसी असेल तर त्याच्या व्हेंटची कळ 'क्लोज'वर आहे ना ते बघा, ती उघडी असली की तो धूर ओढून आत घेतो. खड्ड्याकडून आल्यावर बूट आणि वर्दी झोपायच्या जागी न्यायची नाही. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. झाडल्यावर राख पुन्हा छातीच्या उंचीवर येते.

भट्टी_चिमणी

यात एक भर. राख उपसायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर, आधी पाणी मारून. ओली राख उडत नाही. आणि आग विझवायला खड्ड्यात उतरू नका. वरून गार दिसतं, खाली पोकळी आणि निखारा असतो. बंद स्प्रेचे डबे फुटून उडतात तेही नेमके तेव्हाच.

पेन्शन_फाइल

आता कागदांचं, आणि इथंच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

अमेरिकेचा पॅक्ट कायदा १० ऑगस्ट २०२२ रोजी झाला. त्यात दमा, जुनाट सायनस, सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट अडथळा), फुप्फुसाचा फायब्रोसिस (फुप्फुस व्रण पडून ताठर होणं), काही कर्करोग अशा वीसहून अधिक आजारांचा संबंध माजी सैनिकाला स्वतः सिद्ध करावा लागत नाही. पण तो फक्त अमेरिकी माजी सैनिकांना. आपल्या जवानाला त्यातून एक रुपया मिळणार नाही. यादी डॉक्टरला दाखवायला उपयोगी, एवढंच.

आपल्याकडं प्रश्न एकच विचारतात: आजार सेवेमुळं झाला किंवा सेवेमुळं वाढला का? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग प्रकरणात म्हटलं की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी आला असं धरायचं आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून हक्काचे नवे नियम आलेत, तेव्हा जुन्या निकालावर विसंबून कागद ढिले ठेवू नका.

म्हणून तिकडं असतानाच: खोकला, घरघर, डोळ्यांची जळजळ झाली की एमआय रूमला जाऊन नोंद करून घ्यायची, आणि नोंदीत 'कचरा जाळल्याच्या धुरानंतर' हे शब्द यायला हवेत. नुसतं 'सर्दी-खोकला, गोळी दिली' असं लिहिलं तर पाच वर्षांनी मेडिकल बोर्डापुढं त्याचा अर्थ सर्दी-खोकला एवढाच. मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) खाली जाईल, प्रमोशन अडेल म्हणून पोरं लपवतात. भीती खोटी नाही, पण एका ओपीडी नोंदीनं कॅटेगरी जात नाही. परतल्यावरच्या वार्षिक तपासणीत मात्र तोंडानं सांगायचं आणि स्पायरोमेट्री पुन्हा मागायची, आधीची प्रत हातात धरून. फौजेतून सुटताना रिलीज मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घेतल्याशिवाय सही करून निघून यायचं नाही. नामंजूर झालं तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

मेसच्या पोराचं प्रकरण वेगळं आहे आणि एका अर्थी बरं. अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर परदेशात काम करणाऱ्याला, मग तो कुठल्याही देशाचा असो आणि उपठेकेदाराकडं का असेना, 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' लागू होतो. हा १९४१ चा कायदा. विमा ठेकेदारानं काढायचा असतो आणि विमा कंपनीचं नाव असलेली नोटीस कामाच्या जागी लावायची असते. ती पाहून नाव उतरवून घ्यायला सांगा. अपघाताची सूचना ३० दिवसांत, दावा एका वर्षात. हळूहळू येणाऱ्या व्यावसायिक आजाराला सूचनेसाठी एक वर्ष आणि दाव्यासाठी दोन वर्षं, तीही आजाराचा कामाशी संबंध कळल्यापासून. सूचनेचा फॉर्म एलएस-२०१, दाव्याचा एलएस-२०३. एक खोच: परदेशी कामगाराची पुढची रक्कम एकरकमी चुकती करताना निम्मीच देता येते, असं कायद्यातच आहे. एकरकमीच्या कागदावर सही करण्याआधी वकील बघावा.

पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारा) असेल तर इराक त्या मंजुरीच्या १८ देशांच्या यादीत येतो, म्हणजे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीनचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. धुरानं सावकाश बिघडलेल्या फुप्फुसाला हा विमा पुरा पडणार नाही, त्यामुळं वरच्या दाव्याचे कागद सोडू नका. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणारा एजंट असेल तर ही मंजुरी आणि हा विमा दोन्ही गेले.

औसेकर

पुतण्या विचारतोय, खड्ड्याचे आणि धुराचे फोटो काढून घरी पाठवून ठेवले तर पुरावा होईल ना?

पेन्शन_फाइल

अजिबात नको. कॅम्पाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले तर पेन्शनआधी चौकशी लागेल. त्यापेक्षा खिशातली डायरी: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत धूर, अंदाजे किती पावलांवर, वारं कुठून, काय जळत होतं (वासावरून प्लास्टिक, टायर, डिझेल), अंगाला काय जाणवलं, एमआय रूमला गेलो का. पोस्टचं नाव किंवा ठावठिकाणा लिहायचा नाही, तो युनिटच्या रेकॉर्डवर असतोच. पानं फाडायची नाहीत, ज्या दिवशीचं त्या दिवशीच. एका बैठकीत लिहिलेली वर्षाची डायरी बघणाऱ्याला लगेच कळते.

फुप्फुस_ओपीडी

डायरीत आणखी एक रकाना घाला, औसेकरदादा: दोन किलोमीटर धावायला लागलेला वेळ, महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर. या आजारात पहिला बदल तिथं दिसतो, मशीनवर नंतर. आणि एक रकाना सिगरेटचा, खरा आकडा. तिकडं कंटाळ्यानं विडी-सिगरेट सुरू होते, आणि मग धूर कुणाचा हे बोर्डालाही सांगता येत नाही, आम्हालाही.

औसेकर

घेतलं लिहून. सोमवारी दोघांनाही लातूरला स्पायरोमेट्रीला घेऊन जातो. आलेखासकट प्रत मागतो.